उलट्या आट्यांचं फूल

"अहो, त्या डब्यातला सगळ्यात बारीक स्क्रूड्रायव्हर जरा वर देता का? लाल मुठीचा!"

आवाज थेट छतातून आला. मी दचकून मान वर केली. बँकेच्या भिंतीवरच्या भल्यामोठ्या घड्याळाचं काचेचं दार उघडं होतं आणि त्याच्या पोटात मनगटापर्यंत हात घालून एक जण शिडीच्या टोकावर उभा होता. बाह्या दुमडलेल्या, भिंग कपाळावर सरकवलेलं, आणि चेहऱ्यावर असा भाव, की मी त्याची मदतनीसच आहे आणि आज जरा उशिरा कामावर आलेय.

"मला म्हणताय?"

"मग काय घड्याळाला म्हणतोय? मी हात काढला तर हे चाक सुटेल. चाक सुटलं तर अख्खी बँक उद्यावर जाईल. प्लीज..."

मी बाकावर बसून चपलेचा निसटलेला पट्टा अडकवत होते. शेजारी माझा डबा होता, निळा, गोल, बिस्किटांचा. त्याच्या पलीकडे त्याचा डबा होता... निळा, गोल, बिस्किटांचा. हे डबे कुठल्या घरात नसतात? आणि कुठल्या घरात त्यांत बिस्किटं असतात? सगळीकडे सुया, दोरे आणि जुनी बटणं. आमच्या डब्यात मात्र त्या दिवशी कापसात गुंडाळलेले हिरे होते.

हसू नका. ही आमच्या घराण्याची पद्धत आहे. लॉकरमधून दागिना काढला की तो बिस्किटांच्या डब्यात घालायचा, साधे कपडे घालायचे आणि बसनं जायचं. "गाडी, ड्रायव्हर आणि मखमली पेटी दिसली की चोराला वेगळं आमंत्रण लागत नाही," असं मोठी आत्या म्हणते. आणि मोठी आत्या म्हणते ती आमच्या घरात काळ्या दगडावरची रेघ.

तर मी त्याचा डबा उघडला, लाल मुठीचा स्क्रूड्रायव्हर काढला आणि टाचा उंचावून वर धरला. त्यानं वाकून तो घेतला. बोटं बोटांना लागली, अगदी निसटती.

"डावखुऱ्या दिसता."

"दिसत नाही. आहे."

तो हसला. म्हणजे नुसता हसला नाही, आधी डोळे हसले, मग काही वेळानं ओठांना बातमी कळली. मी ठरवलं होतं तसं गंभीर चेहऱ्यानं डब्याचं झाकण लावलं, डबा काखेत मारला आणि ताठ मानेनं बँकेबाहेर पडले. पुढचा सगळा घोटाळा त्या हसण्यानं केला. माझी त्यात काही चूक नाही.

सराफी दुकानात मोठी आत्या आधीच येऊन बसली होती. समोर दुकानाचे मालक, पांढरे हातमोजे घालून. टेबलावर काळं कापड आणि कापडावर एक चिमुकली करवत, केसाइतकं पातळ पातं असलेली. ती बघूनच मी डबा छातीशी आवळला.

त्या करवतीचं कारण सांगायला हवं. आमच्या पणजोबांनी पणजीसाठी हिऱ्यांचं एक फूल करवून घेतलं होतं. मध्ये फूल, दोन बाजूंना दोन फांद्या, खाली लोंबत्या दोन कळ्या. म्हणतात, की पणजी ते सोडवून वेगवेगळं घालायची. फूल गळ्यात, फांद्या मनगटांवर किंवा केसांत, कळ्या कानांत. पण ती गेली आणि दागिना मिटून बसला. त्यानंतर कुणालाच तो उघडता आला नाही. दोन-तीन सराफांनी हात टेकले. आता तो नुसताच एक अवजड तुकडा होता. छातीवर लावला तर माणूस पुढे झुकायचा, म्हणून कुणी लावायचं नाही.

आणि हक्कदार आम्ही तिघी. मोठी चुलतबहीण, म्हणजे ताई, धाकटी चुलतबहीण, म्हणजे छोटी, आणि मी. ताई आणि छोटी वर्षभर त्या फुलावरून एकमेकींशी बोलत नव्हत्या. शेवटी आत्या वैतागली. "एक डाग, तीन पोरी. कापा आणि विषय संपवा!" कापायला न्यायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी भांडत नव्हते. भांडत नव्हते म्हणजे मला काही वाटत नव्हतं असं नाही. मी मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते, आणि आयुष्यातलं पहिलं चित्र मी त्या फुलाचं काढलं होतं. आत्याच्या मांडीवर बसून, खडूनं. करवत फिरली की देठ जाणार, चौकट जाणार, फुलाचे तुकडे होणार. ते मला बघवणार नव्हतं, आणि अडवायचं कसं हेही सुचत नव्हतं.

"उघड," आत्या म्हणाली.

मी झाकण काढलं. आत पाच-सहा स्क्रूड्रायव्हर, एक चिमटा, तेलाची बाटली आणि अर्धा खाल्लेला जॅम-पाव.

मालकांनी हातमोजे घातलेले हात हळूच मागे घेतले. आत्यानं आधी पावाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"डावरे," ती शांतपणे म्हणाली. आत्याचा शांतपणा हा भूकंपाआधीचा असतो. "हे काय आहे?"

"जॅम..."

"ते दिसतंय! हिरे कुठायत? अगदी पणजीवर गेलीस. तीही डावखुरी, जन्मभर सगळं उलटंच धरलं तिनं!"

पुढचं ऐकायला मी तिथे नव्हतेच. माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं आणि पाय त्याच्या पुढे पळत होते. चपलेचा पट्टा पुन्हा निसटला, ती मी हातात घेतली. पाऊस भुरभुरत होता, फरशा निसरड्या झाल्या होत्या, छत्र्यांच्या काड्या डोळ्यांपाशी येत होत्या. तो डबा उघडून बसला असेल तर? निघून गेला असेल तर? त्याचं नावसुद्धा मी विचारलं नव्हतं! पोलिसांना काय सांगणार होते, 'आधी डोळ्यांनी हसतो' असं?

बँकेचं दार ढकललं. शिडी जागच्या जागी होती. घड्याळ बंद पडलेलं होतं. आणि शिडीच्या सगळ्यात खालच्या पायरीवर तो बसला होता. मांडीवर निळा डबा, डब्यावर दोन्ही कोपर, भोवतीच्या प्रत्येक माणसाकडे संशयानं बघत.

मला पाहिलं तसा त्यानं एवढा मोठा श्वास सोडला, की शेजारच्या बाकावरच्या आजोबांचा पेपर हलला.

"आलात! बाई, या पायरीवर बसून मी म्हातारा होत होतो." मग आवाज एकदम खाली आला. "काय आहे आत? आधी सांगा, मग देतो."

"फूल. दोन फांद्या, दोन कळ्या. उजव्या फांदीच्या टोकाचा हिरा इतरांपेक्षा जरा पिवळट आहे."

"बरोबर. तुमचंच." त्यानं डबा माझ्या हातात ठेवला, पण स्वतःचे हात काढले नाहीत. "एक विचारू? राग मानू नका. याच्या मागचे स्क्रू कुठल्या कसायानं फिरवलेत?"

"स्क्रू?"

"हे एक नाही हो, पाच दागिने आहेत. जोडलेले. मागे बारीक बारीक स्क्रू आहेत आणि प्रत्येकाच्या खाचेवर ओरखडे. काय सुंदर काम आहे! मी अशा चिमुकल्या यंत्रांवरच जगतो. घड्याळं, कुलपं, बिजागऱ्या... पण असं मी कधी हातात धरलं नव्हतं." तो बोलताना त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. "कुठे नेत होतात?"

"कापायला," मी म्हटलं, आणि काय झालं कुणास ठाऊक, माझे डोळेच भरून आले.

त्याचा चेहरा असा पडला, की जणू मी त्याच्याच एखाद्या नातेवाइकाचं नाव घेतलं होतं.

"कापायला? जे उघडायसाठी केलंय ते कापायचं? मुळीच नाही! मी उघडून देतो."

"कोण उघडून देतो?" मागून आवाज आला. आत्या दारात उभी होती, त्याचा डबा काखेत, दम लागलेली, पण पाठ ताठच.

मग आत्यानं त्याची जी उलटतपासणी घेतली ती कोर्टातही होत नसेल. दुकान कुठे, कुणाच्या हाताखाली शिकलास, जॅम-पाव डब्यात हत्यारांबरोबर का ठेवतोस... शेवटच्या प्रश्नावर त्यानं आत्याकडून आपला डबा हळूच काढून घेतला. पण फुलाबद्दल तो बोलायला लागला तेव्हा आत्या गप्प बसून ऐकत राहिली. हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

"ठीक आहे," ती म्हणाली. "रविवारी आम्ही सगळे जेवायला एकत्र बसतो. तोवर उघडलं तर उघडलं. नाहीतर सोमवारी करवत. आणि दागिना याच्याकडे ठेवायचा नाही. डावरे, तू रोज घेऊन जायचास, समोर बसायचंस, रोज परत आणायचास. डोळ्यात तेल घालून बस."

मी मान खाली घालून हो म्हटलं. डोळ्यात तेल घालून बसायला माझी काहीच हरकत नव्हती.

त्याचं दुकान बटणांच्या दुकानावरच्या मजल्यावर होतं. लाकडी जिना, काचेचं छप्पर आणि भिंतीभर घड्याळं, प्रत्येकाचं मत वेगळं. पंखा बंद, कारण पंखा लावला तर स्क्रू उडतात. काचेवर पाऊस टपटपायला लागला की सगळ्या टिकटिकींना कुणी तरी साथ धरल्यासारखं वाटायचं. खिडकीला पाठ करून एक जुनं टेबल, टेबलाच्या डाव्या कडेला लोखंडी पायाचा दिवा. मी टेबलाच्या टोकाशी वही घेऊन बसायची आणि फुलाचं चित्र काढायची. निदान चित्रात तरी ते अख्खं राहावं म्हणून.

"श्शी!"

"काय झालं?"

"तुमचा दिवा! डावीकडून उजेड, माझ्या हाताची सावली नेमकी कागदावर. दिसतंय काय मला, कपाळ!"

"दिवा टेबलाला ठोकलेला आहे. माझ्या गुरुजींनी ठोकलाय. तुम्ही उजव्या हातानं काढून बघा."

"तुम्ही डाव्या हातानं घड्याळ दुरुस्त करून बघा."

"बिस्किटबाई, तुम्ही फार भांडता."

"भिंगवाले, तुम्ही फार हळू काम करता."

हळू तर तो होताच. त्यानं त्या खाचांच्या मापाचा एक नवा स्क्रूड्रायव्हरच घडवला, पितळी मुठीचा, माझ्या करंगळीएवढा. तेलाचा एकेक थेंब सुईच्या टोकानं सोडला. फूल बोटांनी धरून ऊब दिली. दागिना उलटा करून बघताना पुटपुटला, "मागची पिनसुद्धा उलट्या बाजूला लावलीय. एवढा मोठा कारागीर आणि ही चूक?" मी लक्ष दिलं नाही. मी त्याच्या भुवया काढत होते. फुलाच्या चित्राला भुवया कशा आल्या हे त्यानं विचारू नये म्हणून मी पान उलटलं.

"शिकायचंय?" त्यानं एकदा विचारलं आणि एका मोडक्या घड्याळाचा स्क्रू पुढे केला. "जोर बोटांत नाही, मनगटात. उघडताना मनगट स्वतःकडे वळवायचं, लावताना स्वतःपासून लांब. एवढं लक्षात ठेवलं की झालं."

मी डाव्या हातानं मनगट स्वतःकडे वळवलं. स्क्रू आणखी घट्ट बसला.

"असं कसं?" मी चिडले.

"तुमचं स्वतःकडे आणि माझं स्वतःकडे वेगळं आहे," तो हसत म्हणाला. आधी डोळे, मग ओठ. "तुम्हाला सगळं उलटं शिकवावं लागणार."

"मग शिकवा की. घाई कुणाला आहे?"

बोलून गेले आणि जीभ चावली. घाई होती! रविवार डोक्यावर येत होता. पण मनाचं विचाराल तर दागिना आज उघडू नये, उद्याही उघडू नये असं वाटायचं. आणि लगेच करवत आठवायची आणि अंगावर काटा यायचा. एकाच दागिन्यासाठी मी एकाच वेळी दोन्ही प्रार्थना करत होते.

शनिवारी मात्र गंमत संपली. सकाळपासून पाऊस कोसळत होता आणि तो भिंगातून मान वर काढत नव्हता. दुपारी त्यानं भिंग काढून ठेवलं.

"खाच झिजायला लागलीय," तो म्हणाला. "आणखी जोर लावला तर स्क्रूचं डोकंच तुटेल. मग करवतीनंसुद्धा धड कापता येणार नाही." त्यानं डोळ्यांवर तळवे दाबले. "मी तुमच्या आत्याबाईंना शब्द दिला होता. तुम्हालाही. चुकलं माझं. घेऊन जा तुम्ही हे."

"एवढ्यात हात टेकले?"

"एवढ्यात? मला याच्याशिवाय दुसरं काही दिसत नाहीये या दिवसांत... म्हणजे याच्याशिवाय आणि..." तो थांबला.

"आणि?"

"काही नाही."

मला इतका राग आला! त्या स्क्रूंचा, त्या करवतीचा आणि सगळ्यात जास्त त्या 'काही नाही'चा. मी उठले, त्याच्या हातातला पितळी स्क्रूड्रायव्हर ओढून घेतला, फूल माझ्यापुढे ओढलं.

"अहो—"

"तुमच्यात नसेल दम, माझ्यात आहे. मनगट स्वतःकडे, हेच ना?"

आणि मी डाव्या हातानं, अंगातला सगळा राग एकवटून, मनगट स्वतःकडे वळवलं.

"अगं थांब! घट्ट करतेयस तू! उलटं फिरवतेयस!" तो ओरडला आणि त्यानं माझा हात पकडला.

पण हात पकडायच्या आत काही तरी झालं होतं. अगदी बारीक. बोटांना कळलं, कानांना नाही. स्क्रू हलला होता.

आम्ही दोघंही श्वास रोखून बघत राहिलो. त्याचा हात माझ्या हातावर तसाच होता.

"परत कर," तो कुजबुजला.

मी मनगट पुन्हा स्वतःकडे वळवलं. सोन्याचा चिमुकला स्क्रू हळूच वर आला... आणखी वर... आणि कापसावर पडला. डावी कळी अलगद सुटून माझ्या तळव्यात आली.

"उलटे आटे!" तो जागच्या जागी उडालाच. "उलटे आटे आहेत! घड्याळातसुद्धा एखादा असा स्क्रू असतो, मी रोज बघतो तो! आणि इथे इतके दिवस मी घट्टच करत होतो! मी, ते सराफ, सगळेच! काखेत कळसा..." त्यानं स्वतःच्याच कपाळावर हात मारला. "पुढचा! पुढचा कर ना! नको, सावकाश... नको, कर!"

दुसरी कळी. एक फांदी. दुसरी फांदी. मग फूल. प्रत्येक वेळी तो आनंदानं ओरडायचा, इतका, की खालच्या बटणवाल्या काकू जिन्यात येऊन विचारून गेल्या, सगळं ठीक आहे ना. मी हसत होते, रडत होते आणि डावा हात मात्र असा चालत होता, की हे काम त्यानं जन्मभर केलंय.

शेवटी काळ्या कापडावर पाच वेगवेगळे दागिने पडले होते आणि मध्ये ती रिकामी चौकट.  त्यानं फूल उलटं केलं, मागची पिन पाहिली.

"ही चूक नव्हतीच," तो हळू म्हणाला. "पिन डाव्या हातासाठी आहे. स्क्रू डाव्या हातासाठी आहेत. ज्याच्यासाठी हे केलं त्या माणसाला..."

"पणजी," मी म्हटलं. "पणजी डावखुरी होती."

काचेवर पाऊस वाजत राहिला. मग मी कळ्या कापसात गुंडाळायला लागले, त्यानं फांद्या गुंडाळल्या. गुंडाळायला एवढा वेळ लागत नाही, पण आम्ही लावला.

"झालं काम," तो म्हणाला.

"हो. झालं."

"हे ठेवा." त्यानं पितळी स्क्रूड्रायव्हर माझ्या डब्यात टाकला. 'अगं' संपलं होतं, पुन्हा 'अहो' आलं होतं. "मग..."

"मग निघते मी."

जिन्यात मी अर्ध्यावर थांबले. वरून कुणी हाक मारली नाही. मीही परत गेले नाही. माणसं किती मूर्ख असतात, आणि दोन माणसं एकत्र असली की किती जास्त!

रविवारी जेवणाच्या टेबलावर मी पाचही दागिने मांडले तेव्हा ताई आणि छोटी वर्षभरात पहिल्यांदा एकमेकींशी बोलल्या. म्हणजे एकदमच किंचाळल्या, पण तेही बोलणंच. ताईनं फांद्या उचलून मनगटांवर धरल्या, छोटीनं कळ्या कानांना लावून आरशाकडे धाव घेतली. फूल माझ्यासमोर उरलं. मी सांगितलं, की चौकट आत्याकडे ठेवू आणि मोठ्या समारंभाला पुन्हा सगळं जोडू, मग ते तिघींचंही. मग डाव्या हाताची आणि उलट्या आट्यांची गोष्ट सांगितली.  आत्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा पुसला.

"माझी आजी, म्हणजे तुमची पणजी, दार लावून घ्यायची," शेवटी ती म्हणाली. "हे उघडताना कुणाला आत येऊ द्यायची नाही. माहेरी तिच्या डाव्या हाताला फडकं बांधून ठेवत, उजव्याची सवय लागावी म्हणून. सासरीही तेच टोमणे. चारचौघांत ती डावा हात पदराखाली ठेवायची. आणि आजोबा... बाई गं, काय अबोल माणूस! आम्ही म्हणायचो, हे आजीशी आयुष्यात दोन गोड शब्द बोलले असतील का?" तिनं रिकाम्या चौकटीवरून बोट फिरवलं. "बघ काय बोलून गेलेत. तिला हात बदल म्हणाले नाहीत. स्क्रू बदलून घेतले."

 मला एकदम तो जिना आठवला, आणि त्या 'काही नाही'नंतरचं त्याचं तोंड. असं अबोल प्रेम मला नको होतं. पणजीला कळलं असेल, तिच्या हाताला रोज कळत असेल. पण मला कानांनी ऐकायचं होतं.

सोमवारी सकाळी मी आत्यापुढे उभी राहिले. "आत्या, फुलाचा एक स्क्रू सैल झालाय. दाखवून आणते."

आत्यानं माझ्या हातातल्या पितळी स्क्रूड्रायव्हरकडे पाहिलं, मग माझ्या नव्या ड्रेसकडे.

"हो का? एका रात्रीत? असे स्क्रू फार वाईट. नीट दाखव. आणि सावकाश ये, सैल स्क्रूला वेळ लागतो."

मी पाऊस अंगावर घेत धावत सुटले. बटणवाल्या काकू दारातच होत्या. "वर आहे," त्या न विचारता म्हणाल्या. "कालपासून ठोकाठोक चाललीय. सुट्टीच्या दिवशीसुद्धा डोळ्याला डोळा लागू दिला नाही."

तो टेबलाखाली होता. माझी चाहूल लागताच उठायला गेला आणि डोकं आपटलं.

"स्क्रू... सैल झालाय," मी डबा पुढे केला.

त्यानं डोकं चोळत भिंग लावलं. बराच वेळ पाहिलं.

"हा आपोआप सैल झालेला नाही," तो गंभीरपणे म्हणाला. "कुणी तरी केलाय. डाव्या हातानं. अगदी सफाईनं."

माझे गाल तापले. "असं काही नसतं. भिंगातून हात दिसतो का?"

"हात नाही दिसत. चोराच्या मनातलं चांदणं दिसतं." आणि त्यानं भिंग वर सरकवलं. डोळे हसत होते. ओठांना अजून धीर होत नव्हता.

मी नजर वळवली आणि तेव्हा मला दिसलं. टेबल तेच होतं, पण दिवा डावीकडे नव्हता. डाव्या कडेला लाकडात चार भोकं उरली होती, आणि दिवा उजवीकडे होता, नवे स्क्रू मारून पक्का बसवलेला. टेबल खिडकीपासून फिरवलेलं होतं. दिव्यापुढे एक नवं स्टूल होतं, माझ्या उंचीचं. हत्यारांची फळी डाव्या हाताला येईल अशी लावलेली होती.

"हे... तुमच्या गुरुजींनी ठोकलेला दिवा होता ना?"

"हो."

"मग तुम्हाला आता दिसणार कसं? तुमच्या हाताची सावली पडेल कामावर."

"पडेल. सवय करून घेईन." त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "नाहीतर समोरच्या बाजूला बसेन. म्हणजे तू इकडे, मी तिकडे. तिथून उजेडही बरा येतो आणि..."

"आणि?" मी विचारलं.  "या वेळी 'काही नाही' म्हणालात तर मी हा डबा घेऊन जाईन, आणि खरंच जाईन."

"आणि तू दिसतेस," तो एका दमात म्हणाला. "शिडीवरून खाली पाहिलं तेव्हापासून मला दुसरं काही दिसत नाहीये. शनिवारी जिन्यात तू थांबलीस ते मी ऐकलं. मी इथे दाराशी उभा होतो आणि जीभ उचलत नव्हती. मला बोलता येत नाही गं नीट. मला हत्यारं कळतात. म्हणून काल सगळा दिवस... हे केलं. पण तोंडानंही सांगतो. तू रोज ये. स्क्रू सैल असो नसो. मला तू आवडतेस. फार."

मी काही बोलले नाही. आमच्या घराण्यात तशी पद्धतच आहे. मी नव्या स्टुलावर बसले, डबा उघडला, पितळी स्क्रूड्रायव्हर डाव्या हातात घेतला आणि मनगट स्वतःपासून लांब वळवून मीच सैल केलेला स्क्रू घट्ट केला. उजेड उजवीकडून येत होता. हाताची सावली कुठेच पडत नव्हती.

"आता बोल की काही तरी," तो काकुळतीला आला.

"बोलते," मी म्हटलं. "आधी सांग, त्या बँकेच्या घड्याळाचं काय झालं?"

त्याचा चेहरा पांढरा पडला. "अरे देवा! ते तसंच आहे! आपण भेटलो तेव्हापासून बंद!"

"मग चल. शिडी मी धरते." फूल मी कापसात गुंडाळलं, डबा काखेत मारला आणि दाराशी जाऊन माझा डावा हात त्याच्यापुढे केला. "आणि मलाही तू आवडतोस. त्या जॅम-पावासकट."